तापानंतरचा न ओसरणारा थकवा : नाशिकमधल्या नव्या संशोधकांना नेमका कसा आधार द्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचे एक निवासी डॉक्टर, फिजिओथेरपीची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातले एक नवे सहायक प्राध्यापक, अशा तिघांना डेंग्यू, चिकुनगुन्या आणि कोविडनंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या थकव्यावर काम करायचं आहे. विभागात या विषयातलं कोणी नाही आणि पैसाही फारसा नाही. गाइड म्हणून त्यांच्यासाठी काय करता येईल?

सगळ्यात मोठी मदत म्हणजे तापाच्या रुग्णांची एक चालती नोंदवही उभी करून देणं, आणि ती पुढच्या बॅचच्या हातात जाईल अशी व्यवस्था करणं. या विषयात येणारी मुलं हुशार असतात, पण प्रत्येक जण शून्यातून सुरुवात करतो, रुग्ण जमवण्यातच तीन वर्षं जातात आणि पदवी मिळाली की सगळा डेटा कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहतो. पुढचा विद्यार्थी पुन्हा पहिल्या पानापासून. व्याख्यानं, कार्यशाळा, परदेशी मार्गदर्शकांशी ऑनलाइन बैठका या गोष्टी चांगल्याच आहेत, पण हा खड्डा त्यांनी भरत नाही.

नोंदवही तापापासूनच का सुरू करायची, तेही सांगतो. एमई/सीएफएस या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजारावरचं बहुतेक काम आजार जुना झाल्यावर सुरू होतं. रुग्ण तीन-चार वर्षं दहा डॉक्टर फिरून मग अभ्यासात येतो. सुरुवातीला नक्की कोणता संसर्ग होता, ताप किती होता, आधी तब्येत कशी होती, हे सगळं आठवणीवर चालतं. याला उत्तर म्हणून ऑस्ट्रेलियातल्या डबो या ग्रामीण भागात एक अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ग्लँड्युलर फिव्हर, क्यू फिव्हर आणि रॉस रिव्हर विषाणू अशा तीन अगदी वेगळ्या संसर्गांचे २५३ रुग्ण आजाराच्या सुरुवातीलाच नोंदवले आणि वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोकांना टिकून राहिलेला थकव्याचा आजार होता, आणि जंतू कोणता होता यापेक्षा मूळ आजार किती जोराचा होता यावरून त्याचा जास्त अंदाज येत होता. यातला रॉस रिव्हर विषाणू आणि चिकुनगुन्याचा विषाणू एकाच कुळातले आहेत. दर पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या ओपीडीत तापाची रांग लागते. अशी रांग उत्तरेकडच्या थंड देशांतल्या श्रीमंत प्रयोगशाळांना मिळत नाही. तुमच्या तिघांकडे असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

आता आकडे. थकवा १२ टक्क्यांत धरला आणि अंदाज ५ टक्के अलीकडे-पलीकडे चालणार असेल, तर नेहमीच्या सूत्राने १६३ रुग्ण लागतात. सहा महिन्यांत चौथा हिस्सा गळेल असं धरा, म्हणजे २१८ नोंदवावे लागतील. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत हे आठवड्याला साधारण दहा पडतात, म्हणजे एका निवासी डॉक्टरच्या आवाक्यातलं काम आहे. पण पुढची पायरी विद्यार्थ्याला आधीच समजावून सांगा : १६३ पैकी आजारी निघणार जेमतेम वीस. वीस जणांच्या जोरावर वय, लिंग, प्लेटलेट, व्यवसाय, शिक्षण, नैराश्य अशी बारा कारणं एका मॉडेलमध्ये घातली तर आकडे येतील, पण त्यांना अर्थ नसेल. दोन कारणं, फार तर. कोणती दोन, हे सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रबंधाच्या सुरुवातीच्या आराखड्यातच, लिहून टाकायचं. प्रबंध परीक्षकाकडे गेल्यावर इथेच सगळ्यात जास्त पडझड होते, आणि तोवर दुरुस्तीला जागा उरलेली नसते. सांख्यिकीतज्ज्ञाकडे डेटा गोळा झाल्यावर नाही, प्रश्न ठरवताना जायचं ते यासाठीच.

तिघांचे तीन वेगळे अभ्यास करू नका. रुग्णांचा गट एकच ठेवा आणि त्यातून तीन प्रश्न काढा. निवासी डॉक्टरने मूळ आजार आणि सहा महिन्यांनंतरचं निदान बघावं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीने उभं राहिल्यावर नाडी आणि रक्तदाबाचं काय होतं ते मोजावं. पीएसएमच्या सहायक प्राध्यापकांनी कामाचे बुडालेले दिवस, घरखर्च आणि उपचारासाठीची वणवण यावर काम करावं. लेखांवर कोणाचं नाव कुठे येणार ते पहिल्याच महिन्यात कागदावर उतरवून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढे मनं दुखावतात ती बहुतेक वेळा याच मुद्द्यावर.

संमतिपत्रात दोन वाक्यं हवीतच. एक : ‘पुढील संशोधक माझ्याशी पुन्हा संपर्क साधू शकतात.’ दुसरं : ‘माझी ओळख काढून टाकलेली माहिती या विषयावरील पुढील संशोधनात वापरता येईल.’ दोन्हींसमोर हो-नाहीचे वेगळे चौकोन ठेवा, कारण एखाद्याला एकच मान्य असू शकतं. ही वाक्यं नसतील तर नोंदवही कायद्याने आणि नीतीनेही तुमच्या विद्यार्थ्याबरोबरच संपते. एथिक्स समितीपुढे ती नंतर घालायला गेलात, तर आधीच्या प्रत्येक रुग्णाची नव्याने संमती घ्यावी लागेल.

रोगनिदानाच्या बाजूला एक नेहमीची गफलत होते. डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी असते, आयजीएम हे शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड शोधणारी त्यानंतर. नुसता आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणून ‘आत्ताच डेंग्यू झाला’ असं धरू नका, कारण आयजीएम काही महिने रक्तात राहू शकतं. म्हणून तापाचा पहिला दिवस आणि नमुना घेतल्याचा दिवस या दोन्ही तारखा स्वतंत्र रकान्यांत हव्यात. आयजीएमची तपासणी एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनेच करून घ्या. सरकारी सेंटिनल प्रयोगशाळांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे किट वापरले जातात, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. खासगी लॅबच्या झटपट निकाल देणाऱ्या रॅपिड कार्डवर प्रबंध उभा करू नये. आणि ज्यांचे डेंग्यू-चिकुनगुन्या दोन्ही निगेटिव्ह येतात त्यांना घरी पाठवून विसरू नका. तुलनेचा गट तोच आहे. ताप त्यांनाही आला, दवाखाना त्यांनीही पाहिला, फक्त हे दोन विषाणू त्यांच्यात सापडले नाहीत.

सहा महिन्यांनी काय मोजायचं, हा या विषयाचा गाभा आहे. ‘थकवा येतो का?’ असं विचारलं तर निफाडच्या बागेत काम करणारी बाई हो म्हणणार आणि रात्रपाळी करणारा निवासी डॉक्टरही हो म्हणणार. बीएमजे नियतकालिकात २००५ साली आलेल्या गोव्यातल्या पाहणीत २,४९४ स्त्रियांपैकी सुमारे १२ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून जुना थकवा सांगितला होता, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध मानसिक ताण आणि बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या ओढाताणीशी दिसला. ती पाहणी महत्त्वाची आहे, पण ती सर्वसाधारण थकव्याची आहे. आपल्याला हवा आहे तो आजार श्रमानंतरच्या घसरणीवरून ओळखला जातो. संशोधनात तिला पीईएम म्हणतात. थोडंसं काम केलं, वाचलं, बाजारात जाऊन आलं, की काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी लक्षणं उफाळून येतात, आणि विश्रांती घेऊनही दिवसच्या दिवस उतरत नाहीत.

व्याख्या एकच मुख्य धरा. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनची २०१५ ची व्याख्या ओपीडीत वापरायला सोपी आहे : सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता ठळकपणे घटलेली आणि सोबत नव्याने सुरू झालेला, विश्रांतीने न जाणारा थकवा, श्रमानंतरची घसरण, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि विचार-स्मरणातला अडथळा किंवा उभं राहिल्यावर त्रास यांपैकी किमान एक. लक्षणं किमान निम्मा वेळ आणि मध्यम ते तीव्र असायला हवीत. १९९४ ची फुकुदा व्याख्या जुन्या लेखांत सारखी भेटते, पण तिच्यात श्रमानंतरची घसरण ऐच्छिक आहे. जुने अभ्यास वाचताना विद्यार्थ्याने आधी हेच तपासावं, नाहीतर दोन वेगळ्या आजारांचे आकडे एका तक्त्यात येतात.

पीईएमसाठी डीपॉल प्रश्नावलीतले पाच प्रश्न पुरेसे आहेत. प्रत्येकाला वारंवारता आणि तीव्रता, दोन्हींचे ० ते ४ गुण. एका तरी प्रश्नात दोन्ही गुण २ किंवा जास्त आले, तर पुढे विचारायचं : त्रास किती तास टिकतो? मूळ कर्त्यांची परवानगी घ्या, दोन जणांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या, तिसऱ्याने दोन्ही जुळवावीत, आणि मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतर करून घ्या. मग सात-आठ रुग्णांसमोर प्रश्न वाचून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारा. मूळ प्रश्नांत ‘व्यायाम’ येतो. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना तो स्वतःला लागूच नाही असं वाटतं, मग ते शून्य गुण देतात आणि खरा रुग्ण निसटतो. त्या जागी रोजच्या कामाची उदाहरणं ठेवावी लागतात : पाण्याचे दोन हंडे, जिना, धुणं, शेताची एक फेरी. मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी आणि हिंदी-उर्दू, सुरगाणा-पेठकडे कोकणा बोलणारी मंडळी येणार, तेव्हा मुलाखत घेणारा निदान एक तरी तिकडचा असावा.

चिकुनगुन्यात आणखी एक गुंता आहे. सांधे दुखतात, म्हणून माणूस थकलेला दिसतो. सांधेदुखीचा त्रास काम करतानाच जाणवतो किंवा सकाळच्या आखडण्यात दिसतो. पीईएममध्ये घसरण उशिरा येते आणि तिच्याबरोबर डोकं सुन्न होणं, कणकण, घसा धरणं असंही असतं. सांधेदुखीचे गुण प्रत्येक भेटीत वेगळे नोंदवा. हाताच्या पकडीची ताकद डायनॅमोमीटरने मोजण्याचा मोह फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीला होईल. कोविडनंतरच्या रुग्णांत ते ठीक आहे, पण चिकुनगुन्यात बोटांचे सांधेच दुखत असल्यामुळे ते मोजमाप थकव्याचं राहत नाही.

तिला त्याऐवजी दहा मिनिटांची भिंतीला टेकून उभं राहण्याची चाचणी द्या. साहित्य म्हणजे डिजिटल रक्तदाब यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, घड्याळ, भिंत आणि एक मदतनीस. रुग्णाला दहा मिनिटं शांत आडवं ठेवायचं, शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा नाडी आणि रक्तदाब घ्यायचा. मग टाचा भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर, खांदे भिंतीला टेकलेले, आणि दहा मिनिटं दर मिनिटाला नोंद. प्रौढांमध्ये नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब कोसळला नाही, तर ‘पॉट्स’चा (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा) संशय, १२ ते १९ वर्षांच्या मुलांत हीच मर्यादा ४० आहे. पहिल्या तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर वेगळी नोंद. चुका ठरलेल्या असतात : हात लोंबता ठेवल्यामुळे रक्तदाब जास्त दिसतो, तो हृदयाच्या पातळीवर आधाराने धरायला हवा, रुग्ण पाय हलवतो किंवा गप्पा मारतो आणि नाडीचा खरा कल झाकला जातो, नाडी मंदावणारं बीटा-ब्लॉकर औषध घेतलेलं असतं, चहा नुकताच झालेला असतो. चाचणी सगळ्यांची सकाळी एकाच सुमारास करा आणि खोलीचं तापमान लिहा, कारण एप्रिलमधली उष्णता आणि डिसेंबरमधली थंडी एका आलेखात चालत नाही. भोवळ आली की तिथेच थांबवून झोपवायचं. ‘पूर्ण झाली नाही’ हीसुद्धा नोंदच आहे.

दोन दिवसांची सायकलवरची हृदय-श्वसन चाचणी पहिल्या अभ्यासात घेऊ नका. दुसऱ्या दिवशी कामगिरी घसरते ही माहिती मोलाची आहे, पण ती मिळवण्यासाठी रुग्णाला मुद्दाम घसरणीत ढकलावं लागतं, आणि अनुभव नसलेल्या टीमच्या हातून होणारी इजा भरून देता येत नाही. हाच नियम भेटींना लावा. दोन तास केसपेपरच्या रांगेत उभं करून मग चाळीस मिनिटं प्रश्न विचारले, तर अभ्यासानेच रुग्ण आठवडाभर अंथरुणाला खिळू शकतो. भेट अर्ध्या तासाची, बसायला आणि आडवं व्हायला जागा, प्रश्नावलीचा राहिलेला भाग फोनवर पंधरा-पंधरा मिनिटांत. जे येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जा किंवा फोनवर उरका. ते सुटले तर सगळ्यात आजारी माणसंच तुमच्या आकड्यांतून गायब होतील.

नाशिकच्या शेतीचं वेळापत्रकही आराखड्यात घ्यावं लागतं. जुलै ते नोव्हेंबरमध्ये नोंदवलेल्यांचे सहा महिने जानेवारी ते मेमध्ये भरतात. जानेवारी ते मार्च द्राक्षकाढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. दिंडोरी-पिंपळगावकडचा माणूस तेव्हा दवाखान्यात येत नाही, आणि आलाच तर तो वर्षातल्या सगळ्यात जड कामाच्या दिवसांत आलेला असतो. गेल्या पंधरा दिवसांत काय काम केलं, किती तास, हे विचारल्याशिवाय थकव्याचे गुण निरर्थक आहेत. पेठ-सुरगाण्याहून टोळीने येणाऱ्या मजुरांचे नंबर बदलतात, म्हणून दोन नंबर घ्या : एक स्वतःचा, एक गावाकडच्या नातेवाइकाचा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी एथिक्सच्या अर्जातच मांडा. पैसा कमी असेल तर रुग्णसंख्या कमी करा, पण हे कलम काढू नका.

इतर कारणं तपासताना सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, एचबीए१सी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, बी१२, सीआरपी आणि क्षयरोगाची चौकशी हा किमान संच. रक्तक्षय असलेल्या सगळ्यांना वगळायचं असं पाश्चात्त्य आराखड्यात सहज लिहिलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणजे निम्म्या बायका दारातच बाहेर. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर आधी उपचार आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याच्या वरचे अभ्यासात घ्या आणि हिमोग्लोबिनची नोंद ठेवून विश्लेषण करा.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापराल. त्यात थकवा, झोप, एकाग्रता हे प्रश्न आधीच असल्यामुळे दमलेल्या माणसाचे गुण आपोआप चढतात. एकूण गुणांबरोबर हे प्रश्न वगळून आलेले गुणही मांडा. आणि एक प्रश्न जोडा : करावंसंच वाटत नाही, की करावंसं वाटतं पण शरीर साथ देत नाही? नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. तिथे ‘हो’ आलं तर त्याच दिवशी मानसोपचार विभागात कोणाला फोन करायचा ते नाव भिंतीवर लावलेलं असावं, आणि रुग्णाच्या हातात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर.

रक्ताचे नमुने साठवून ठेवू या, पुढे कामाला येतील, असं कोणीतरी म्हणेलच. उणे ८० चा फ्रीझर, त्याला जनरेटरचा आधार आणि तापमानाची रोजची नोंद नसेल तर नमुने घेऊ नका. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या आजाराच्या रुग्णांत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडल्याचा लेख आला, जगभरच्या रुग्णांना आशा लागली, आणि २०११ च्या अखेरीस तो मागे घेण्यात आला, नमुन्यांत दूषितीकरण होतं. नव्या विद्यार्थ्याला ही घटना सविस्तर वाचायला द्या. रुग्ण आणि तुलनेचा गट यांचे नमुने एकाच दिवशी, एकाच लॉटच्या ट्यूबमध्ये, कोणता कुणाचा हे न कळता हाताळले गेले पाहिजेत. परदेशी प्रयोगशाळा ‘नमुने पाठवा’ म्हणाली तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मान्यता लागते. त्यात महिने जातात, प्रबंधाच्या मुदतीत ते बसवू नका.

फिजिओथेरपी विभागातून व्यायाम हळूहळू वाढवण्याची चाचणी घ्या असा आग्रह होऊ शकतो. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी वाढवायचा व्यायाम या आजारात उपचार म्हणून देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. विद्यार्थिनीला त्यात ढकलू नका. मुलगी नवी आहे, ‘नाही’ म्हणू शकणार नाही. ते गाइडनेच म्हणायला हवं.

मुलांविषयी थोडं. या विषयाला अजूनही ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग अभ्यास कसला?’ असं ऐकावं लागतं, आणि ते बोलणारे कधी कधी परीक्षकच असतात. म्हणून सिनॉप्सिसचा मुख्य प्रश्न डेंग्यू-चिकुनगुन्याच्या सहा महिन्यांच्या परिणामांचा ठेवा; थकवा त्याचा भाग होऊन सुरक्षित राहतो, आणि आकडा १२ ऐवजी ३ टक्के आला तरी प्रबंध उभा राहतो. आठवड्यातून अर्धा तास फक्त या कामासाठी, ठरलेल्या वेळी, दार लावून. संपर्कासाठी अभ्यासाचा वेगळा मोबाइल आणि सिम घ्या. वर्षानुवर्षं कोणी ऐकून न घेतलेली माणसं रात्री अकराला फोन करतात, आणि पंचविशीतल्या डॉक्टरला तो फोन कापता येत नाही. सहा महिन्यांत तो मोडतो. स्वतः किंवा घरचं कोणी आजारी असल्यामुळे या विषयाकडे आलेले विद्यार्थीही असतात. त्यांना मुलाखतींऐवजी डेटाचं काम, बसून करण्याजोगी पाळी, असं काही विचारून ठरवावं.

वेळापत्रकात कळीचा दिवस एकच : एथिक्सची मंजुरी जूनअखेर हातात हवी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच गावात आहे. सिनॉप्सिसच्या नमुन्याबद्दल शंका असेल तर ईमेलची वाट बघू नका, दिंडोरी रोडने जाऊन विचारून या. मंजुरी सप्टेंबरनंतर आली तर त्या वर्षीचा हंगाम गेला असं धरा आणि आराखडा असा बदला : गेल्या हंगामातल्या एलायझा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रुग्णांची यादी प्रयोगशाळेच्या रजिस्टरमधून घ्यावी, पहिला फोन उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडूनच जावा, रुग्ण हो म्हणाला तरच विद्यार्थ्याने बोलावं. तापाच्या दिवसांचा तपशील यात आठवणीतून येतो, ही मर्यादा प्रबंधात लिहावी लागेल. पण तोच विद्यार्थी पुढच्या जुलैसाठी प्रश्नावली, फोनची पद्धत आणि नोंदवहीचे रकाने तयार करून ज्युनिअरच्या हाती देऊ शकतो.